अठराव्या रस्त्यावरचं अकॉर्डियनचं दुकान

विल्बर, नेब्रास्का
४ ऑक्टोबर १९६६

प्रिय लिडा,

फोनच करणार होते, पण शिकागोला फोन लावला की फ्रांता नवरा नाही, सावकार असल्यासारखा घड्याळ हातात घेऊन समोर उभा राहतो. शिवाय फोनवर तू "हो वन्सं, हो वन्सं" म्हणतेस आणि करतेस स्वतःच्याच मनाचं. म्हणून कागदावर लिहून देते. ऐकू आलं नाही असं तरी म्हणता येणार नाही.

यारदाला जाऊन सहा महिने झाले. पाठचा भाऊ माझ्याआधी गेला, त्यावर मी काय बोलणार? माझं रडून झालं. आता तुझं बघायला हवं. सत्तावन्न वर्षांची तू, पोरबाळ नाही, आणि बंद दुकानाच्या मागच्या खोलीत एकटी बसून राहतेस. त्या रस्त्यावर आता आपल्या चेक भाषेत दोन शब्द बोलायला माणूस उरलेला नाही. लाडिस्लाव सांगत होता, आपली बेकरी गेली, तिथे आता मक्याच्या पोळ्या भाजतात. खाटीक गेला. शवपेट्या करणारा श्टेपानसुद्धा गेला, म्हणजे आता तिथे मरायचीही सोय राहिली नाही.

लाडिस्लाव माझा मावसभाऊ म्हणून सांगत नाही, पण वेळेवर हलला. टेलिफोनच्या कारखान्यात मुकादम झाला, शहराबाहेर बर्विनला विटांचं घर बांधलं, बार्बोरा मावशीलाही सोबत घेऊन गेला. शहाण्याने असं वागावं.

तर माझं ठरलंय. मका निघाला की नोव्हेंबरात फ्रांता ट्रक घेऊन येईल. यारदाची हत्यारं लाडिस्लाव घेतोय, त्याला हौस आहे. तुझ्यासाठी पूर्वेकडची खोली रंगवून ठेवलीय. इथे कोंबड्या आहेत, रविवारी चर्च आहे आणि शेजारी बोहुमिल आहे. बोहुमिलबद्दल पुढच्या पत्रात.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. शेवटची काही वर्षं यारदा माझ्याशी फोनवर धड बोललाच नाही. "काय? काय?" करायचा आणि फोन तुझ्या हातात द्यायचा. बहिणीचा इतका कंटाळा यावा? मी ते फार मनाला लावून घेतलं होतं. रागवायचं म्हटलं तर आता तो नाही.

सामान बांधायला घे. विणकामाची टोपली आधी भर. तीस वर्षं त्याच्या बाकाशेजारी बसून तू नुसते मोजे विणलेस, इथे ते तरी कामाला येतील. थंडी फार असते.

तुझी,
एमिली

शिकागो
१२ ऑक्टोबर १९६६

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र वाचलं आणि लगेच सामान बांधायला घेतलं. खरंच घेतलं, हसू नका. तिसरं खोकं भरत होते तेव्हा दुकानाचं दार वाजलं.

हे गेल्यापासून मी दाराला आतून कडी लावून ठेवते. काचेवर 'य. कोउबेक, अकॉर्डियन दुरुस्ती' अजून तसंच आहे. बाहेर एक मिशीवाला गृहस्थ उभा होता. डोक्यावर रेल्वेची टोपी, हातात दोरीने बांधलेली पेटी.

"दुकान बंद आहे," मी काचेतूनच सांगितलं.

"दिसतंय. उघडणार कधी?"

"दुरुस्त करणारे वारले."

त्याने टोपी काढली, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटला. मला वाटलं, आता जाईल. पण तो हलेना.

"आणि आपण कोण?"

"त्यांची बायको."

"मग सेन्योरा, तुम्ही उघडून तरी बघा. बघायला काय जातं?"

नाव रेफूहिओ आर्मेंता, सगळे त्याला कूको म्हणतात. मेक्सिकोतल्या मॉन्तेरेईकडचा. रेल्वेच्या मालधक्क्यावर काम करतो. समोरच्याच इमारतीत राहतो म्हणे, आणि मी त्याला आजवर पाहिलेलंही नाही. बायको चोना मिठाईच्या कारखान्यात आहे, चॉकलेटवर हाताने नक्षी काढते. येत्या शनिवारनंतरच्या शनिवारी मुलीचं लग्न. कूको आणि त्याचे दोन मेहुणे मिळून वाजवणार, आणि अकॉर्डियनचे तीन सूर मुके झालेले.

"पोरीच्या लग्नात बापाचं वाद्य बोबडं बोललं तर व्याही काय म्हणतील? तुम्हीच सांगा!"

मी सांगितलं, मला यातलं काही येत नाही. त्याने मान डोलावली, पेटी पायरीवर ठेवली, "माझी कामावर जायची वेळ झाली, शुक्रवारी येतो," म्हणाला आणि गेलासुद्धा!

वन्सं, कानस मी आयुष्यात हातात धरलेली नाही. पण पाऊस भुरभुरत होता, वाद्य पायरीवर कसं राहू द्यायचं? आत आणलं. आत आणलं म्हणून उघडलं. पियानोसारख्या पट्ट्या नाहीत, नुसती बटणं, आपल्या आजोबांच्या वेळचं असतं तसं. झाकण काढलं आणि मेणाचा आणि राळेचा वास आला. सहा महिन्यांत पहिल्यांदा आला. मी यांच्या बाकावर बसले आणि मोकळेपणी रडले. मग डोळे पुसून दिवा जवळ ओढला.

एवढं एक काम झालं की येते. बोहुमिलबद्दल नाही लिहिलंत तरी चालेल.

तुमची,
लिडा

विल्बर
२० ऑक्टोबर १९६६

लिडा,

तुला वेड लागलंय का? हात लावू नकोस त्या पेटीला. काचेवर नाव यारदाचं आहे. तुझ्या हातून बिघडलं तर कुणी म्हणणार नाही की मोजे विणणाऱ्या बाईने बिघडवलं. म्हणतील, कोउबेककडे दिलं आणि वाट लागली. त्याच्यासारखा सूर लावणारा माणूस त्या अख्ख्या शहरात नव्हता. माझं अकॉर्डियन त्याने पाच वर्षांपूर्वी लावून दिलं, अजून झऱ्यासारखं वाजतं. नाताळात एकदाच काढते मी, पण काढलं की फ्रांतासुद्धा चमचा खाली ठेवतो. आणि फ्रांता जेवताना घर पेटलं तरी चमचा ठेवणारा नाही, हे तुला माहीत आहे.

त्या मिशीवाल्याला वाद्य परत कर. लाडिस्लावकडे पाठव हवं तर.

आता बोहुमिल. विधुर आहे. चारशे डुकरं, कर्ज नाही, दात स्वतःचे. तुझा फोटो दाखवला. "बरी दिसते," म्हणाला. बोहुमिल गेल्या वर्षभरात एवढं बोललेला नाही.

एमिली

शिकागो
२ नोव्हेंबर १९६६

प्रिय वन्सं,

बोहुमिलना माझा नमस्कार सांगा आणि फोटो परत घ्या.

आधी वाईट बातमी. पहिलंच रीड मी मोडलं. कानस घसरली आणि पोलादाची ती जिभली टचकन तुटली. जुन्या मोडक्या अकॉर्डियनमधून दुसरी काढून बसवली, तर माझे हात असे कापायला लागले की मेण बाकावर कमी आणि माझ्या झग्यावर जास्त. तेवढ्यात कूकोऐवजी चोनाच आली. ठेंगणी, रुंद, कारखान्याचा पांढरा रुमाल डोक्याला तसाच. तिने माझे हात पाहिले, तुटलेलं रीड पाहिलं आणि स्टूल ओढून बसली. म्हणाली, "माझा नवरा तुमच्या गळ्यात काम मारून गेला. द्या इकडे. मी दिवसाला दोन हजार चॉकलेटांवर वेलांट्या काढते, माझा हात कापत नाही." मग आम्ही दोघींनी मिळून केलं. कसं केलं ते भेटीत सांगेन, कागदावर जमणार नाही. पण तिन्ही सूर बोलले, वन्सं. स्वच्छ बोलले.

मग मला लग्नाला जावंच लागलं. चर्चच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मला नवरीच्या आजीशेजारी बसवलं, समोर तमाल ठेवले, म्हणजे मक्याच्या पिठाचे, पानात गुंडाळून वाफवलेले गरम उंडे. कूको उठला, भाता ओढला, आणि त्याने काय वाजवायला घेतलं असेल? पोल्का! आपला पोल्का! वडील शनिवारी अंगणात वाजवायचे तो, तीच उडी, तोच ठेका. माझा घास तोंडातच राहिला. गाणं संपल्यावर मी त्याला गाठलं.

"हा आमचा आहे. चेक लोकांचा, बोहेमियाचा."

"काहीतरीच काय, सेन्योरा! हा माझ्या पणजोबांपासून आमच्याकडे आहे."

"तुमच्या पणजोबांना कुणी शिकवला?"

"त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती!"

चोना मध्ये पडली. "भांडण उद्या करा, आता नाचा." आणि वन्सं, मी नाचले. हे गेल्यावर पहिल्यांदा. नवरीच्या काकांबरोबर नाचले, त्यांच्या भावाबरोबर नाचले, नंतर कोणाबरोबर नाचले ते मी विचारलं नाही.

सोमवारी सकाळी दाराशी तीन पेट्या. बातमी कशी पसरली देव जाणे. दक्षिणेकडच्या पोलादाच्या भट्टीवरचा एक स्लोव्हेन आला, त्याचा भाता उष्णतेने तडकलेला. आर्चर रस्त्यावरचा एक पोलिश सुतार आला. परवा शहराच्या बसचा ड्रायव्हर आला, आल्सीद गिल्यरी, काळा, उंच, लुइझियानाचा. घरी फ्रेंच बोलतात म्हणे, आणि त्याच्या गावाकडे दलदलीच्या मुलखात शनिवारचा नाच अकॉर्डियनवाचून होतच नाही. तो बस वळणावर थांबवून पेटी आत ठेवून गेला, उतारू खिडक्यांतून बघत होते. माझा जन्म याच शहरातला, आणि इथे कोण कोण राहतं, काय काय काम करतं, हे मला आत्ता कळतंय. यांच्याकडे फक्त आपली माणसं यायची. आपली माणसं गेली म्हणून मला वाटत होतं की रस्ता रिकामा झाला.

लाडिस्लाव हत्यारं न्यायला आला होता. त्याला खसखशीचा कोलाच खायला घातला. हत्यारं दिली नाहीत.

फ्रांताला म्हणावं, ट्रक नाताळ होईपर्यंत राहू दे.

लिडा

विल्बर
१ डिसेंबर १९६६

लिडा,

लाडिस्लावचं पत्र आलं. तू लिहिलं नाहीस ते त्याने लिहिलं. तो आत शिरला तर यारदाच्या बाकावर, यारदाच्या स्टुलावर, यारदाची कानस हातात घेऊन एक परकी बाई बसलेली होती. आणि तू शेजारी मोजे विणत!

तुला राग आला तर येऊ दे, पण मी बोलणार. ते स्टूल माझ्या वडिलांनी केलेलं आहे. आज ती स्टुलावर बसली, उद्या गल्ल्यावर बसेल, परवा तुला म्हणेल, "बाई, तुम्ही आता मागच्या खोलीत पडा." तू पहिल्यापासून भोळी. यारदाने तुला एक गोष्ट म्हणून करू दिली नाही, आता कुणीतरी गोड बोलून सगळंच काढून घेणार.

जानेवारीत डुकरं कापून झाली की मी येतेय. येतानाचं एक तिकीट, जातानाची दोन.

एमिली

शिकागो
८ डिसेंबर १९६६

प्रिय वन्सं,

जरूर या. दोन तिकिटं काढा हवी तर, न वापरलेलं रेल्वे परत घेते. मी कूकोला विचारलं.

चोना स्टुलावर बसते, कारण उजेड तिथेच येतो. बाकी काय ते डोळ्यांनी बघा.

जाड मोजे आणू नका. माझ्याकडे आहेत.

लिडा

शिकागो
शनिवार, २८ जानेवारी १९६७

फ्रांता,

हे पत्र पूर्ण वाच. नेहमीसारखं शेवटची ओळ बघून खिशात घालू नकोस.

मी जिवंत आहे. रेडिओवर ऐकलंच असशील, इथे असा बर्फ पडलाय की शहरातल्या म्हाताऱ्यांनासुद्धा आठवत नाही. गुरुवारी पहाटे सुरू झाला. दुपारपर्यंत समोरच्या मोटारी दिसेनाशा झाल्या. मी बॅग भरून तयार होते आणि लिडाला तिसऱ्यांदा समजावत होते, तेवढ्यात एक बस आली आणि बरोबर दुकानासमोर रुतली. ड्रायव्हर तो आल्सीद. त्याने बराच वेळ इंजिनाशी झटापट केली, मग उतरून दार ठोठावलं.

"मॅडम कोउबेक, माझ्याजवळ सतरा माणसं आहेत आणि बसमध्ये ऊब नाही."

मी लिडाचा हात धरला. "एवढी अनोळखी माणसं घरात घेणार तू?"

"मग काय पायरीवर ठेवू?" म्हणाली आणि दार सताड उघडलं.

फ्रांता, एक एक माणूस आत येत होता आणि मी मोजे वाटत होते. लिडाकडे मोज्यांचं पोतं आहे, खरंच पोतं. ऑफिसं झाडणाऱ्या दोन पोलिश बायका. फिलिपीन्सची एक नर्स, चिमणीएवढी. केंटकीच्या डोंगरातला एक लांबुळका माणूस, तो रेडिओ जोडतो. कत्तलखान्यातला एक लिथुएनियन, त्याच्याकडे सुदैवाने डुकराची अख्खी तंगडी होती, ती त्याने मुकाट्याने माझ्या हातात दिली. समोरून कूको आणि चोना बर्फातून कंबरभर वाट काढत आले, तिच्या डोक्यावर मोठा हंडा. मी पिठाचे गोळे वळून क्नेडलिक उकडायला घेतले. एवढ्या माणसांना मी आपल्या लग्नानंतर कधी वाढलं नव्हतं. आणि तुला म्हणून सांगते, मजा येत होती.

जेवणं झाल्यावर सगळे आल्सीदच्या मागे लागले, काहीतरी वाजव. त्याचं अकॉर्डियन बाकावरच होतं, पण अर्धवट. "एक सूर भांडतोय," लिडा म्हणाली. "शांत बसा जरा."

सगळे गप्प झाले. चोना स्टुलावर बसली, कानस घेतली. लिडा शेजारी बसली. मांडीवर विणकाम, डोळे मिटलेले. चोनाने रीड फुंकून वाजवलं, जरा घासलं, परत वाजवलं. आणि मी पाहिलं, फ्रांता. लिडाचं पाऊल चोनाच्या पावलावर होतं. एकदा दाबलं की चोना टोकाकडे घासायची. दोनदा दाबलं की मुळाकडे. मग एकदम लिडाने पाय उचलून घेतला आणि चोनाने कानस खाली ठेवली. सूर लागला होता. माझ्या हातातला झारा तसाच राहिला.

मी हे आधी पाहिलं होतं. दर खेपेला पाहिलं होतं. यारदा बाकावर, ही शेजारी मोजे विणतेय आणि पायावर पाय. मला वाटायचं, काय हे, एवढ्या वयात चारचौघांत पायात पाय घालून बसायचं!

मी तिला स्वयंपाकघरात ओढलं. "कधीपासून?"

तिला कळलं मी काय विचारतेय ते. "आठ-नऊ वर्षं. आधी त्यांचे वरचे सूर गेले. मग बाकीचं."

"आणि माझं अकॉर्डियन?"

"घासलं यांनी. ऐकलं मी."

"मला का नाही सांगितलंत?"

"त्यांनी शपथ घातली होती. म्हणाले, एमिलीला कळलं तर ती इतकं रडेल की मलासुद्धा ऐकू येईल."

फ्रांता, मी आधी हसले आणि मग रडले, दोन्ही इतक्या जोरात की ती नर्स धावत आली. माझ्या भावाला माझा कंटाळा आला नव्हता रे. "काय? काय?" करायचा, कारण त्याला ऐकू येत नव्हतं. मी मूर्ख, फोनवर रुसून आणखी हळू बोलायचे.

बाहेर आल्सीदने सुरू केलं होतं. लोक कोट घालूनच नाचत होते, दुकानाची जमीन हलत होती. त्यानंतर कूकोने त्याचं काढलं, मग दोघं एकमेकांना हरवायला बसले. केंटकीवाला माझ्यासमोर येऊन वाकला. मी म्हटलं, माझे गुडघे दुखतात. तो म्हणाला, माझेही. नाचलो मग.

शुक्रवारी सकाळी बर्फ थांबला. सगळ्यांनी मिळून फावड्यांनी दारापासून कोपऱ्यापर्यंत वाट खणली. निघताना त्या लिथुएनियनने लिडाला सांगितलं की त्याच्या माळ्यावर त्याच्या बापाचं अकॉर्डियन पडून आहे, बर्फ वितळला की आणतो.

परतीचं एक तिकीट मी परत करतेय. गाड्या सुरू झाल्या तरी मी आणखी आठवडाभर राहीन. चोना मला मिरच्यांचा आणि चॉकलेटचा रस्सा शिकवतेय. तोंड वाकडं करू नकोस, तुला करून घालणार आहे. चोनाला मी सांगितलं, ते स्टूल माझ्या वडिलांनी केलंय. ती घाईघाईने उठायला लागली. मी तिला खांदे धरून परत बसवलं.

तुझी,
एमिली

विल्बर
३ फेब्रुवारी १९६७

एमिली,

पत्र पूर्ण वाचलं. दोनदा.

डुकरं बरी आहेत. बोहुमिलचं पोस्टातल्या बाईशी ठरलं. ट्रकने आता सरपण आणतो.

राहा हवं तेवढं. पण मग ये. घरात फार शांत आहे.

फ्रांता

शिकागो
२३ मे १९६७

प्रिय वन्सं,

पेरणीमुळे तुमचं येणं हुकलं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. तुम्ही म्हणाला होतात तसं काचेवर नवीन नाव रंगवून घेतलं. 'कोउबेक आणि आर्मेंता.' चोनाने मिठाईचा कारखाना सोडला. शेवटच्या दिवशी तिथल्या बायकांनी तिला चॉकलेटचं अकॉर्डियन करून दिलं, ते कूकोच्या मेहुण्यांनी वाटेतच खाल्लं.

दुकानात आता पेट्यांना जागा पुरेना, तेव्हा कूको म्हणाला, ज्यांची ज्यांची दुरुस्त केलीत त्या सगळ्यांना एकदा एकत्र वाजवायला बोलवा. म्हणून रविवारी दुपारी कोपऱ्यावरचा आपला जुना हॉल घेतला. लाडिस्लावलाही कळवलं. मला वाटलं होतं, तो येणार नाही. तो आला, आणि बर्विन-सिसरोची तीन मोटारी भरून आपली माणसं घेऊन आला. बार्बोरा मावशी सर्वांत पुढे, काठी, टोपी, आणि जत्रेला घालायचा तो काळा झगा.

सुरुवात मात्र अवघड गेली. व्यासपीठावर कूको, आल्सीद, तो स्लोव्हेन, पोलिश सुतार आणि कत्तलखान्यातला लिथुएनियन. वाजवत होते झकास. पण खाली आपली माणसं खिडक्यांच्या बाजूला भिंतीला चिकटलेली, कूकोकडची माणसं दाराच्या बाजूला, आल्सीदची बायको आणि त्याच्याकडची मंडळी मागे खुर्च्यांवर. मध्ये मोकळी जमीन. दोन गाणी झाली, कुणी हलेना. लाडिस्लाव आपल्या बुटांकडे बघत होता. मनात म्हटलं, चुकलं माझं, कशाला हा खटाटोप केला!

इतक्यात काठीचा आवाज आला. ठक, ठक, ठक. बार्बोरा मावशी एकट्याच मध्यापर्यंत चालत गेल्या आणि व्यासपीठाकडे बघून ओरडल्या, "अरे, एवढं हळू काय वाजवताय? कुणी मेलंय का?" मग दाराकडे वळून त्यांनी पहिल्या दिसेल त्या माणसाला काठीने खूण केली. तो चोनाचा थोरला भाऊ, रूळ टाकण्याच्या कामावरचा, बैलासारखा आडदांड. "तू. ये इकडे. मला पाडलंस तर बघ."

त्याने इतकं जपून धरलं त्यांना, वन्सं, जसं काही हातात अंड्यांची टोपली आहे. एक फेरी झाली. दुसऱ्या फेरीला मावशींनी काठी फेकून दिली. ती घरंगळत लाडिस्लावच्या पायाशी गेली. त्याने ती उचलली, इकडेतिकडे पाहिलं, खुर्चीला टेकवून ठेवली आणि सरळ चोनासमोर जाऊन उभा राहिला. मग मला काही दिसेनासं झालं, कारण सगळेच मध्ये आले होते आणि आल्सीदच्या मेहुण्याने मला उचलून नेलं होतं.

पाच वाजता लाडिस्लाव मोटार घेऊन दाराशी आला. मावशी खुर्चीवर बसल्या होत्या, गाल लाल, टोपी तिरपी.

"चल आई, निघू या."

"तू नीघ."

"म्हणजे?"

"मी येत नाही. लिडा, तुझा वरचा मजला रिकामा आहे ना?"

मी हो म्हटलं. भाडेकरू गेले तेव्हापासून, म्हणजे मार्चपासून, रिकामाच आहे.

"आई, डोकं ठिकाणावर आहे का? इथे तुझं कोण आहे?"

"तिकडे कोण आहे? सगळे घरातून निघून मोटारीत बसतात आणि मोटारीतून उतरून घरात शिरतात. नऊ वर्षांत माझ्याशी भांडायलासुद्धा कुणी आलं नाही." मग चोनाच्या भावाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "याने मला आज म्हटलं, पोल्का मेक्सिकोचा आहे. एवढ्यासाठी तरी मला राहायला हवं. माझी उशी आणि पितळी घड्याळ उद्या आणून टाक."

लाडिस्लावने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. उशी आणि घड्याळ काल आलं, आणि आज तो स्वतः पलंग घेऊन आला. पलंग जोडल्यावर तासभर दुकानात चोनाशेजारी उभा राहून रीड घासताना बघत होता, गुरुवारी पुन्हा येतो म्हणाला.

हे लिहितेय आणि वर धाडधाड आवाज येतोय. छताचा चुना कागदावर पडला. थांबा, पडल्याबिडल्या की काय, बघून येते.

नाही, सगळं ठीक आहे. कूको त्याच्या पणजोबांचा पोल्का वाजवून दाखवतोय, आणि मावशी चोनाला घेऊन पलंगाभोवती तो चुकीचा कसा आहे ते नाचून सांगतायत. मला म्हणाल्या, "दारात उभी काय राहतेस, आत ये." तेव्हा पत्र इथेच थांबवते.

तुमची,
लिडा